विल्यम बिलिंग्ज: बॉस्टनचा कातडी कमावणारा संगीतकार

अनवट

आपल्याकडे पाश्चात्त्य संगीतावर धागे निघतात ते बहुतेक बाख, मोझार्ट, बेथोव्हेनवर. अमेरिकेचा विषय आला तर गाडी थेट जॅझवर जाते. त्याच्या आधी तिथे कुणी काही रचलंच नाही, असा माझाही समज होता. तीन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एक बाई मला नॉर्थॅम्प्टनजवळच्या गाण्याच्या बैठकीला घेऊन गेल्या. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधलं जुनं सभागृह, चौकोनात मांडलेल्या खुर्च्या, श्रोता एकही नाही. जो आला तो गायलाच बसला. माझ्या हातात आडवं जाडजूड पुस्तक दिलं, कुणीतरी सूर लावला आणि पुढच्या क्षणी चारही बाजूंनी असा आवाज अंगावर आला की मला पुस्तकातलं अक्षर दिसेना. गाणं संपल्यावर पानाच्या वरच्या कोपऱ्यात नाव पाहिलं: विल्यम बिलिंग्ज. तेव्हापासून या माणसाने मला सोडलेलं नाही.

जन्म ७ ऑक्टोबर १७४६, बॉस्टन. चौदाव्या वर्षी वडील गेले, शाळा सुटली आणि मुलगा कातडी कमावण्याच्या कामाला लागला. चुन्याच्या निवळीत कातडी भिजवायची, केस खरवडायचे, ओक झाडाच्या सालीच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवायची, असं ते काम. संगीत शिकवणारा गुरू मिळाला नाही. इंग्लंडमधल्या विल्यम टॅन्सर नावाच्या गावोगाव फिरणाऱ्या संगीत शिक्षकाची पुस्तकं तेव्हा अमेरिकी वसाहतींत छापली जात होती. त्यांवरून आणि कानावर पडलेल्या स्तोत्रांवरून तो शिकला. १७६९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, जॉन बॅरी नावाच्या जोडीदाराबरोबर त्याने बॉस्टनच्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसजवळ गानशाळा काढल्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिली.

गानशाळा म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसाहतींचे, प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे) लोक उपासनेत वाद्यं वापरत नसत. देवळात फक्त बायबलातली स्तोत्रं गायची, तीही अशी की एक वडीलधारा माणूस ओळ म्हणणार आणि बाकीचे ती ओढून ओढून, ज्याला जशी आठवेल तशी गाणार. पुस्तकं कमी, स्वरलिपी वाचणारे त्याहून कमी. एका चालीची दहा रूपं एकाच वेळी ऐकू यायची. १७२० च्या सुमारास काही धर्मगुरूंनी आग्रह धरला की लोकांना स्वरलिपी शिकवली पाहिजे. त्यातून गानशाळा निघाल्या. शिक्षक गावात यायचा, काही आठवडे संध्याकाळी वर्ग घ्यायचा, आपलं पुस्तक विकायचा आणि पुढच्या गावी जायचा. तरुण मुलामुलींना दिवेलागणीनंतर एकत्र येण्याची ही मान्य जागा होती. बिलिंग्जला त्याची बायकोही तिथेच भेटली: १७७४ मध्ये त्याने स्टॉटन गावात वर्ग घेतला, त्या वर्गातल्या ल्यूसी स्वॉनशी त्याच वर्षी त्याचं लग्न झालं.

१७७० मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने 'द न्यू इंग्लंड साम सिंगर' हे पुस्तक काढलं. त्यात १२० हून अधिक रचना आणि सगळ्या त्याच्या स्वतःच्या. त्याआधी अमेरिकेत जन्मलेल्या माणसांच्या छापलेल्या चाली सुमारे डझनभर होत्या. एकाच अमेरिकी संगीतकाराच्या रचनांचं हे पहिलं पुस्तक. मुखपृष्ठामागचं चित्र कोरलं पॉल रिव्हिअरने, तोच चांदीचा कारागीर जो पुढे १७७५ च्या एप्रिलमधल्या घोडदौडीमुळे अमेरिकी शाळकरी मुलांच्या तोंडी बसला. चित्रात टेबलाभोवती बसून गाणारी सात माणसं आहेत आणि त्यांच्याभोवती गोलाकार छापलेली एक चाल. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आमच्या बैठकीचाच हा फोटो. पुस्तक तयार होतं तरी ते दीड वर्ष थांबवून ठेवलं होतं, वसाहतीत बनलेला कागद मिळावा म्हणून. ब्रिटिश संसदेने १७६७ मध्ये आयात कागदावर कर बसवला होता, हे लक्षात घेतलं की त्या थांबण्याचा अर्थ कळतो.

या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की निसर्ग हाच उत्तम गुरू. कोरड्या, घोकलेल्या नियमांनी कुणाला चाल सुचत नाही. प्रत्येक रचनाकाराने आपलं लाकूड आपणच कोरावं. आठ वर्षांनी, १७७८ मध्ये, 'द सिंगिंग मास्टर्स असिस्टंट' काढताना त्याच माणसाने पहिल्या पुस्तकाबद्दल जाहीर कबुली दिली: तेव्हा ते मला फार थोर वाटलं होतं, आता त्यातलं बरंच छापण्याजोगं वाटत नाही. त्यासाठी त्याने बायबलातला याकोबाचा थोरला मुलगा रूबेन आठवला, पाण्यासारखा चंचल म्हणून बापाने ज्याला बोल लावला तो. आपल्या थोरल्या पोराला सर्वांसमोर असं म्हणायला धैर्य लागतं. हे दुसरं पुस्तक इतकं चाललं की त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या.

मधल्या आठ वर्षांत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं होतं. १७७५-७६ च्या वेढ्यात बॉस्टन इंग्रजांच्या हाती आणि वसाहतवाल्यांचं कामकाज जवळच्या वॉटरटाउनमधून. बिलिंग्जने बायबलातलं १३७ वं स्तोत्र घेतलं, बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोन, म्हणजे जेरुसलेम, आठवून रडणाऱ्या लोकांचं, आणि लिहिलं: वॉटरटाउनच्या नद्यांकाठी आम्ही बसलो, आणि हे बॉस्टन, तुझी आठवण येऊन रडलो. माणसाला आपलं गाव डोळ्यांसमोर असून जाता येत नाही, ते दुःख त्यात आहे.

आणि 'चेस्टर'. त्याचा पहिला अंतरा १७७० चाच: जुलमी राजे लोखंडी दंड हलवू देत, गुलामी आपल्या काचणाऱ्या बेड्या खळखळवू दे, आम्हाला भीती नाही, आमचा भरवसा देवावर. १७७८ मध्ये त्याने पुढचे अंतरे जोडले आणि त्यांत हाऊ, बर्गॉइन, क्लिंटन, कॉर्नवॉलिस या इंग्रज सेनापतींची नावंच घातली. (हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला.) क्रांतीच्या काळात हे गाणं घरोघरी गेलं.

शेवट वाईट झाला. त्याबद्दल खाली प्रतिसादांत लिहीनच. २६ सप्टेंबर १८०० ला तो बॉस्टनमध्ये वारला. बॉस्टन कॉमनच्या बॉयल्स्टन रस्त्याकडच्या जुन्या दफनभूमीत त्याला पुरलं, पण कबरीवर खूण नाही. मी गेले होते. कुठे उभं राहायचं ते कळत नाही, म्हणून सगळ्या जागेला एक फेरी मारून परत आले.

सांजवेळ

वाचून भारावले. चौकोनात बसून गाणं ही कल्पनाच आवडली. एक शंका: त्याच्या नावाबरोबर 'फ्यूगिंग ट्यून' हा शब्द सापडतो. म्हणजे बाखचा फ्यूग का?

अनवट

नाही, नातं दूरचं आहे. बाखच्या फ्यूगमध्ये एक विषय घेऊन संपूर्ण इमारत उभी करायची असते. फ्यूगिंग ट्यून एक-दीड मिनिटात आटोपते. आधी चारही आवाज (सर्वांत खालचा बेस, त्यावर टेनर, मग काउंटर आणि सर्वांत वरचा ट्रेबल) एकत्र, सरळ, शब्दागणिक एक स्वर असे जातात. मग एक ठहराव. त्यानंतर बहुधा बेस एकटा पुढची ओळ उचलतो, दोन-चार ठोक्यांनी टेनर तीच ओळ घेऊन येतो, मग ट्रेबल, मग काउंटर. काही क्षण चौघे चार वेगळे शब्द म्हणत असतात आणि अर्थ ऐकू येत नाही. शेवटी पुन्हा सगळे एका शब्दावर येऊन मिळतात. हा शेवटचा भाग दोनदा म्हणायचा.

टीका करणारे तेव्हाही म्हणत की यात देवाचे शब्द हरवतात. पण बेसच्या रांगेत बसलेल्या माणसाला विचारा. त्याने आपली ओळ स्पष्ट म्हटलेली असते, आणि पाठोपाठ तीच ओळ तीन बाजूंनी त्याच्याकडे परत येते. शब्द त्याला चार वेळा मिळतो.

कोमल निषाद

लेख चांगला आहे, मेहनत दिसते. पण थोडं विरोधात बोलतो. मी बारा वर्षं पियानो शिकलो, हार्मनीच्या परीक्षा दिल्या. काल 'चेस्टर' आणि आणखी दोन-तीन रचना ऐकल्या. समांतर पाचवे स्वर (दोन आवाज सा-प च्या अंतराने जोडीने सरकणं, जे हार्मनीत चूक मानतात) ठायी ठायी, मधल्या आवाजांना दिशा नाही, काही ठिकाणी जोडस्वर, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वर, असे आदळतात की चुकून छापलेत असं वाटावं. याच वर्षांत ऑस्ट्रियाचा हायडन चार तंतुवाद्यांच्या चौकड्या लिहीत होता. बिलिंग्जचं महत्त्व ऐतिहासिक आहे हे मान्य, तो पहिला होता म्हणून. पण कलाकृती म्हणून मोजायला बसलो तर हे शिकाऊ काम नाही का?

अनवट

कोमल निषाद, हा प्रश्न त्याच्या हयातीत सुरू झाला आणि तुम्ही म्हणता तेच शब्द साधारण तेव्हाही वापरले गेले. माझं मत वेगळं आहे, आणि ते मला गाऊन मिळालं, वाचून नाही.

तो रचना कशी करायचा हे त्याने १७९४ च्या 'द कॉन्टिनेंटल हार्मनी' मध्ये गुरुशिष्य संवादाच्या रूपात सांगितलंय. आधी टेनर, म्हणजे मुख्य चाल. ती कल्पनेची मोकळी भरारी. मग बेस तिच्याशी जुळवायचा. मग ट्रेबल या दोघांशी. सर्वांत शेवटी काउंटर, ज्याला उरलेल्या जागेतून वाट काढायची. पियानोवर बसून उभे जोडस्वर मांडणाऱ्याची ही पद्धत नाही. प्रत्येक आवाजाला स्वतःची गाण्याजोगी चाल मिळाली पाहिजे, हा त्याचा आग्रह. मी ट्रेबल गाते. हायडनच्या एखाद्या मासमध्ये, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या संगीतात, मधला आवाज गायलेय, तिथे चार-चार ओळी एकाच स्वरावर उभं राहावं लागतं, कारण मी तिथे इमारतीची वीट आहे. बिलिंग्जच्या ट्रेबलला मात्र चाल आहे. घरी भांडी घासताना मी ती एकटी गुणगुणू शकते. हे चौघांच्या बाबतीत खरं. त्यासाठी त्याने दोन चाली मधेच एकमेकींवर घासू दिल्या. त्याने काय निवडलं आणि कशाची किंमत मोजली हे पाहिलं की 'शिकाऊ' हा शब्द मला पटत नाही.

आणखी एक. तुम्ही जे ऐकलंत ते बहुधा प्रशिक्षित गायकवृंदाचं, चार आवाज सारख्या वजनाचे. बिलिंग्जने पहिल्याच पुस्तकात लिहून ठेवलंय की चाळीस गाणारे असतील तर वीस जणांना बेसवर बसवा, उरलेले वीस वरच्या तीन भागांत वाटा. निम्मी माणसं तळाला! शिवाय मुख्य चाल टेनरमध्ये असते आणि ती पुरुष व बायका दोघंही गातात, एका सप्तकाच्या अंतराने. ट्रेबलचंही तसंच. म्हणजे कागदावर चार रेषा दिसतात तिथे प्रत्यक्षात सहा वाजत असतात. तुम्हाला आदळणारे जोडस्वर या गर्दीत दाणेदार लागतात.

कोमल निषाद

बेसचं हे गणित माहीत नव्हतं. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकतो, चौकोनातल्या गाण्याचं शोधून. तरी हायडनबद्दलचं मत राखून ठेवतो.

मांडवीकाठ

माझं बालपण गोव्यातल्या चर्चच्या आवारात गेलं. तिथे मेस्त आम्हाला सोल्फेज शिकवायचे, आधी स्वरनावं म्हणायची, ती पक्की झाली की मगच शब्द. ताईंनी सांगितलेल्या बैठकीतही आधी 'फा सोल ला' गातात असं कुठेतरी वाचलं. ती पद्धत कशी असते?

अनवट

अगदी तीच शिस्त, पण नावं चारच: फा, सोल, ला, मी. ही जुनी इंग्रजी पद्धत, बिलिंग्ज हीच शिकवायचा. आपल्या लोकांना ती चटकन कळते, कारण स्वरनावं ठराविक पट्टीला चिकटलेली नाहीत, आपल्या सा सारखी ती सरकतात. मोठ्या सप्तकात, म्हणजे आपल्या बिलावलात, सा म्हणजे फा, रे सोल, ग ला. मग मध्यमापासून पुन्हा तेच तिन्ही, म फा, प सोल, ध ला. आणि नि तेवढा मी. पूर्वांग आणि उत्तरांगात तीच तीन नावं येतात, त्यामुळे सा-म आणि रे-प यांचं भावंडपण कानाला पहिल्या दिवशीच कळतं. छोट्या सप्तकात सा हा ला होतो.

पट्टीही कागदावर असेल ती घेत नाहीत. सूर लावणारा एक जण सगळ्यांच्या गळ्यांचा अंदाज घेऊन षड्ज देतो, संध्याकाळ चढली आणि गळे थकले की अर्धा-एक सूर उतरवतो.

१८०१ मध्ये या चार नावांना चार आकार देणारं पुस्तक निघालं: फा त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन, मी हिऱ्यासारखा. रेषा वाचता येत नसली तरी आकार पाहून गाता येतं. बिलिंग्ज तोवर गेलेला होता, पण त्याच्या चाली पुढे याच आकारांवर बसून जगल्या.

कोमल निषाद

आज दुपारी वेळ काढून चौकोनातलं गाणं ऐकलं. ठीक, हा निराळा प्राणी आहे. एक गोष्ट खटकली म्हणून विचारतो. छोट्या सप्तकातल्या चालींत कागदावर धैवत कोमल आहे, म्हणजे आसावरीचे स्वर. पण हे लोक बऱ्याच ठिकाणी धैवत चढवून गाताहेत. मला स्पष्ट काफी ऐकू आला.

अनवट

बरोबर ऐकलंत! ही तोंडी परंपरा. पुस्तकात छापलेलं नाही, पण जुनी घराणी तो सहावा स्वर चढवूनच गातात आणि नवे लोक ऐकून उचलतात. मी पहिल्या महिन्यात कागद पाहून कोमल लावत होते. शेजारच्या ऐंशीच्या आजींनी हातावर हलकेच थोपटून खूण केली, वर घे.

तळटीप

मी व्यवसायाने वकील, बौद्धिक संपदेचं काम करतो, म्हणून या माणसाची एक वेगळी बाजू जोडतो. बिलिंग्जने १७७० मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला की माझ्या पुस्तकाच्या छपाईचा हक्क ठराविक मुदतीसाठी माझ्याकडेच राहावा. १७७२ मध्ये त्यासाठीचं विधेयक सभागृहात मंजूर झालं. गव्हर्नर हचिन्सनने सही केली नाही. त्या काळात विधिमंडळ आणि गव्हर्नर यांचं पटत नव्हतं, आणि अर्जदार उघड उघड वसाहतवाल्यांच्या बाजूचा.

राज्याचा कॉपीराइट कायदा झाला १७८३ मध्ये, देशाचा १७९० मध्ये. तोवर त्याच्या लोकप्रिय चाली दुसऱ्यांच्या संग्रहांत छापून झाल्या होत्या. संग्रह काढणारा कमावणार, छापणारा कमावणार, चाल ज्याची त्याला पैसाही नाही. गाणं जितकं पसरलं तितका तो गरीब झाला. आजही माझ्याकडे असे कलावंत येतात, ज्यांची चाल लाखो लोकांच्या फोनवर वाजते आणि ज्यांच्या खात्यात काही येत नाही. त्यांना मी बिलिंग्जचा अर्ज सांगतो.

अनवट

तळटीप, फार मोलाची भर. त्याच्या अखेरच्या वर्षांचं इथेच सांगते. १७८३ मध्ये त्याने 'द बॉस्टन मॅगझिन' चा पहिला अंक संपादित केला, पण शहरातल्या प्रतिष्ठितांना त्याची आवडनिवड रुचली नाही आणि काम हातून गेलं. मग नगराची लहान लहान पदं: रस्त्यांच्या सफाईवर देखरेख, कातड्याच्या मालाची तपासणी करून शिक्का मारणं, मोकाट डुकरं पकडून कोंडवाड्यात घालणं. १७९० मध्ये त्याच्या मदतीसाठी बॉस्टनमध्ये जलसा झाला. १७९४ चं शेवटचं पुस्तकही गाणाऱ्या मंडळींनी त्याला हातभार लागावा म्हणूनच काढवलं. पुढच्याच वर्षी ल्यूसी गेली, मागे सहा मुलं.

सेलमचे पाद्री विल्यम बेंटली यांनी त्याच्या मृत्यूनंतर रोजनिशीत लिहिलंय: मध्यम चणीचा, एक पाय आखूड, एकच डोळा, वागण्याबोलण्यात रीतभात नाही, कपड्यांकडे विलक्षण दुर्लक्ष, तरीही बोलायचा, गायचा आणि विचार करायचा तो सामान्यांच्या वरच्या माणसासारखा. गरीब आणि दुर्लक्षित मेला, आणि कदाचित त्यानेही स्वतःकडे फारच दुर्लक्ष केलं. बेंटलींनी वय साठ लिहिलंय. तो तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. ती सात वर्षं कुठून आली असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते.

रानवारा

लेख आणि चर्चा दोन्ही आवडलं. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. "गुलामी आपल्या बेड्या खळखळवू दे, आम्हाला भीती नाही" हे तो लिहितो तेव्हा त्याच बॉस्टनमध्ये माणसं विकत घेतलेली होती. कवयित्री फिलिस व्हीटली त्याच शहरात गुलाम म्हणून राहत होती, १७७३ मध्ये तिचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. बिलिंग्जच्या गाण्यातली बेडी ही उपमा आहे आणि तिच्या आयुष्यातली बेडी खरी. हे गाणं आज गाताना तुम्हाला काय वाटतं?

अनवट

रानवारा, हे विचारलंत म्हणून आभार. अवघड वाटतं. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही तो १७८३ च्या सुमाराच्या न्यायालयीन निकालांमुळे, म्हणजे 'चेस्टर' छापल्यानंतर तेरा वर्षांनी. त्याच्या एका सुंदर, शांत चालीचं नाव 'आफ्रिका' आहे, पण त्यावरून काही ठरवता येत नाही. तेव्हा चालींना गावांची, देशांची नावं नुसती ओळखीपुरती देत, शब्दांशी त्यांचा संबंध नसे. त्या चालीखालचे शब्द आयझॅक वॉट्सचे आहेत, देव आपल्या लेकरांना विसरत नाही अशा अर्थाचे. आमच्या बैठकीत 'चेस्टर' निघालं की मी गाते, आणि व्हीटली माझ्या मनात असते. दोन्ही एकाच शहरातलं आहे. त्यातलं एकच लक्षात ठेवून दुसरं विसरावं असं मला वाटत नाही.

जुना पाना

मी ॲटलांटात असतो. तुमचा माणूस उत्तरेचा, पण त्याला जिवंत ठेवलं आमच्या दक्षिणेने, ती गोष्ट सांगतो.

१८०० नंतर बॉस्टनमध्येच त्याच्या चालींना गावंढळ म्हणू लागले. अँड्र्यू लॉ, पुढे लोवेल मेसन, यांनी युरोपच्या नियमांनी 'शुद्ध' केलेलं संगीत चर्चमध्ये आणि शाळांत आणलं. बिलिंग्ज, डॅनियल रीड, टिमथी स्वॉन ही सगळी पिढी पुस्तकांतून वगळली गेली. मेसनने शाळांत संगीत शिक्षण आणलं हे त्याचं मोठं काम, पण त्याच हाताने हे पुसलं गेलं. फिरते गानशिक्षक मात्र आकारांची पुस्तकं घेऊन दक्षिणेकडे, डोंगराळ भागांत सरकत गेले. १८४४ मध्ये जॉर्जियातल्या बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग यांनी 'द सेक्रेड हार्प' काढलं, त्यात न्यू इंग्लंडच्या या जुन्या चाली होत्या. जॉर्जिया आणि अलाबामाच्या छोट्या चर्चमधून त्या पिढ्यान् पिढ्या गायल्या गेल्या. सकाळी नऊ-दहाला सुरुवात, दुपारी आवारातल्या लांब टेबलांवर प्रत्येकाने घरून आणलेलं जेवण, पुन्हा तीनपर्यंत गाणं. दर गाण्याला नवा माणूस चौकोनाच्या मध्ये उभा राहून हाताने ठेका देतो. दहा वर्षांची पोरगीही देते आणि नव्वदीचा शेतकरीही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही गाण्याची पद्धत उत्तरेत परत आली. तुमची नॉर्थॅम्प्टनची बैठक त्याच पाण्याची आहे.

एक अपवाद नोंदवतो: ज्या स्टॉटनमध्ये त्याने ल्यूसीला शिकवलं, तिथे १७८६ मध्ये स्थापन झालेली गायनमंडळी अजून चालू आहे आणि तिने त्याला कधी टाकलं नाही.

अनवट

जुना पाना, तुमचा प्रतिसाद वाचून मन भरून आलं. मध्ये उभं राहण्याबद्दल: मी पहिल्यांदा उभी राहिले त्या दिवशी 'डेव्हिड्स लॅमेंटेशन' मागितलं होतं, अब्शालोम मेल्याचं कळल्यावर दावीद राजा रडतो ते. अगदी छोटी रचना आहे. "माझ्या मुला" हे शब्द चारही बाजूंनी येतात आणि मधल्या माणसावर येऊन थांबतात. माझे वडील त्याआधी चार महिन्यांपूर्वी साताऱ्यात गेले होते. नाती उलटी होती, तरी शब्द पोचले. ठेका मध्येच थांबला माझा. गाणाऱ्यांनी गाणं थांबू दिलं नाही.

सांजवेळ

ताई, काय बोलावं कळत नाही. हे सगळं वाचल्यावर ऐकायला सुरुवात कुठून करू? माझं कुटुंब ठाण्यात, गाणारे आम्ही चौघं, कुणालाच स्वरलिपी येत नाही.

अनवट

'व्हेन जीझस वेप्ट' ने सुरुवात करा. १७७० च्या पुस्तकातला चार आवाजांचा राउंड आहे: चार ओळी, पहिल्याने एक ओळ संपवली की दुसऱ्याने सुरू करायचं. चालही एकच, सगळ्यांना सारखी. विसाव्या शतकात विल्यम शूमन यांनी 'न्यू इंग्लंड ट्रिप्टिक' या १९५६ च्या वाद्यवृंद रचनेचा मधला भाग याच चालीवर बांधला, शेवटचा 'चेस्टर' वर. तो नंतर ऐका.

मग 'शायलो', नाताळचं गोड गाणं. मग 'ईस्टर अँथम', भरपूर आवाजात.

'जार्गन' शेवटी ठेवा. त्याच्या चाली फार गोड गोड आहेत, विसंवाद नाही, अशी टीका झाली तेव्हा १७७८ मध्ये त्याने ही पहिल्या स्वरानंतर सतत घासत राहणारी रचना छापली आणि सोबत विसंवादाच्या देवीला पत्र लिहिलं: बेस गाढवाने ओरडावा, टेनर करवतीला कानस घासून काढावा, काउंटर भुकेल्या डुकराने गावा आणि ट्रेबल वंगण न घातलेल्या, ओझ्याने लादलेल्या गाडीच्या चाकाने. विरोधकांनी त्याच्या दारावरच्या पाटीला दोन मांजरं शेपटीने बांधून टांगली, अशी गोष्ट सांगतात. कोमल निषाद, तुम्ही हे जरूर ऐका. नियम माहीत नसणाऱ्याला ते इतक्या नेमकेपणाने मोडता येत नाहीत.

कोमल निषाद

ऐकलं. दोनदा. स्वरलिपी मिळवून पाहिली. चुकून पडलेला एकही स्वर नाही त्यात. वरचा 'शिकाऊ' हा शब्द मागे घेतो.

सांजवेळ

काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. चाल फोनवरून पाठ केली होती, शब्द देवनागरीत लिहून प्रत्येकाच्या हातात. पहिल्या वेळी मुलगी माझ्या ओळीत घसरली. दुसऱ्या वेळी नवरा. तिसऱ्या वेळी सासूबाई चौथ्या म्हणून आल्या आणि सगळं जाग्यावर बसलं. शेवट कसा करायचा हे कुणाला विचारायचं राहिलं होतं, म्हणून एकेक जण आपली ओळ संपवून थांबला आणि शेवटी सासूबाईंचा एकटीचा आवाज राहिला.